डागातला केस कोणत्या रंगाचा?

त्वचारोगतज्ज्ञ पांढऱ्या डागावर भिंग धरून बराच वेळ पाहतात, तेव्हा पेशंटला वाटतं, डाग किती पांढरा झालाय ते बघताहेत. खरं तर बहुतेक वेळा त्यांची नजर त्या डागातल्या केसांवर असते. कातडी पांढरीफटक झाली आहे, पण तिच्यातून उगवलेली लव अजून काळी आहे का? असेल तर डॉक्टरांचा चेहरा जरा सैलावतो. लवही पांढरी पडली असेल तर ते पुढचं बोलणं जपून करतात. चेहऱ्यावरचे डाग लवकर का भरतात, बोटांची टोकं हट्टाने पांढरीच का राहतात आणि उपचाराला वर्ष-वर्ष का लागतं, या तिन्ही प्रश्नांचं उत्तर बरंचसं त्या केसाच्या मुळाशी आहे.

आधी निरोगी त्वचेत रंग येतो कुठून ते पाहू. त्वचेच्या वरच्या थरात सर्वांत खाली पेशींची एक ओळ असते. त्या ओळीत अधूनमधून रंगपेशी बसलेल्या असतात. त्यांना मेलॅनोसाइट म्हणतात. या पेशीला लांब फाटे असतात आणि त्यांतून ती आसपासच्या सुमारे ३६ साध्या पेशींना मेलॅनिनचे कण पुरवते. गोऱ्यापान माणसात आणि सावळ्या माणसात या रंगपेशींची संख्या जवळपास सारखीच असते. फरक असतो तो कण किती तयार होतात, केवढे असतात आणि किती काळ टिकतात यात. कोडात नेमक्या या रंगपेशी नाहीशा होतात, बाकी काही बिघडत नाही. डागाच्या जागी घाम येतो, स्पर्श कळतो, जखम झाली तर भरते. उन्हापासून मिळणारं रंगाचं संरक्षण तेवढं जातं, त्यामुळे तिथली कातडी उन्हात चटकन भाजते.

या पेशी मारतं कोण? आपलीच प्रतिकारशक्ती. विषाणू शिरलेल्या पेशी हुडकून मारणाऱ्या टी पेशी आपल्या रक्तात असतात. कोड होणाऱ्या माणसात त्यांतल्या काही पेशी रंगपेशींनाच परकं समजतात. त्या त्वचेत शिरतात आणि इंटरफेरॉन गॅमा नावाचं रसायन सोडतात. त्या रसायनामुळे शेजारच्या साध्या पेशी संदेश पाठवू लागतात आणि त्या संदेशांमागोमाग आणखी टी पेशी तिथे येऊन पोचतात. एकदा सुरू झालेलं हे चक्र स्वतःला चालू ठेवतं. नवीन औषधं तोडायला बघतात ती हीच साखळी. शिवाय हल्ला ओसरल्यावरही काही टी पेशी त्या जागी मुक्काम ठोकून राहतात. बरा झालेला डाग वर्षभराने नेमका त्याच ठिकाणी परत दिसतो, तो त्यांच्यामुळे.

कोड संसर्गाने होत नाही. एका ताटात जेवून, एका पलंगावर झोपून ते पसरत नाही. आनुवंशिकतेचा भाग आहे, पण लोक समजतात तेवढा सरळ नाही. आईला किंवा वडिलांना कोड असेल तर मुलाला होण्याची शक्यता पाच-सहा टक्क्यांच्या आसपास असते. ज्यांची जनुकं हुबेहूब सारखी असतात अशा जुळ्यांतसुद्धा एकाला कोड असताना दुसऱ्यालाही ते होण्याचं प्रमाण २३ टक्के आढळलं आहे. म्हणजे जनुकांखेरीज आणखी काहीतरी लागतं. जगात साधारण शंभरात अर्धा ते एक माणसाला कोड असतं आणि निम्म्या लोकांत ते विशीच्या आतच सुरू होतं. थायरॉइडवरही अशीच आपल्याच शरीराची चढाई होण्याची शक्यता या लोकांत जास्त असते, म्हणून डॉक्टर रक्ताची थायरॉइड चाचणी सांगतात. ‘त्वचेच्या आजाराला रक्त कशाला?’ म्हणून ती टाळू नये.

डाग कुठे उठतात याकडे नीट पाहिलं तर बरंच काही कळतं. डोळ्यांभोवती, ओठांच्या कडेला, बोटांवर, कोपर-गुडघ्यांवर आणि जिथे सतत घासलं जातं तिथे. परकराच्या किंवा सलवारीच्या नाडीखाली कमरेभोवती गोल पट्टा उठलेल्या कितीतरी बायका दवाखान्यात येतात. ज्याची प्रवृत्ती आहे त्याच्या त्वचेवर ओरखडा, घर्षण, भाजणं असं काहीही झालं, तर तिथे नवा डाग येऊ शकतो. त्यामुळे आजार पसरत असेल तेव्हा नाडीऐवजी रुंद, सैल इलॅस्टिक वापरणं हा किरकोळ सल्ला नाही, उपचाराचाच भाग आहे.

टिकलीची गोष्ट मात्र वेगळी, आणि ती आपल्याकडे प्रत्येक घरात माहीत असायला हवी. कपाळावर बरोबर टिकलीएवढा गोल पांढरा डाग दिसला तर दोष टिकलीच्या मागच्या डिंकाचा असू शकतो. चिकट टिकल्यांच्या डिंकात पॅरा-टर्शरी-ब्युटाइल-फिनॉल नावाचं रसायन सापडलं आहे. ते रंगपेशींसाठी विषारी असतं. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी १९९०च्या सुमारासच याबद्दल लिहिलं होतं. रबरी चपलेतल्या काही रसायनांनी पावलावर पट्ट्याच्या आकाराचे डाग उठतात, केसांच्या डायने कपाळाच्या कडेला. असा डाग दिसला की पहिलं काम ती वस्तू बंद करण्याचं. काहींचा रंग एवढ्यानेच परततो. पण काहींमध्ये डाग टिकलीच्या जागेपुरता राहत नाही, दुसरीकडेही उठू लागतो. तेव्हा ‘टिकली बदलली, झालं’ एवढ्यावर थांबू नये. कुंकू लावलं की काही होत नाही, असंही समजू नये. बाजारात मिळणाऱ्या तयार कुंकवात काय काय मिसळलेलं असतं, हे डबीवर क्वचितच लिहिलेलं असतं.

प्रत्येक पांढरा डाग कोड नसतो. पावसाळ्यात पाठीवर-छातीवर उठणारी शिबी बुरशीने होतात. त्यांच्यावर बारीक कोंडा असतो आणि साध्या मलमाने ती जातात. लहान मुलांच्या गालांवरचे फिकट, कोरडे चट्टे आपोआप भरतात. कुष्ठरोगाचा चट्टा फिकट असतो, पण पांढराफटक नसतो, आणि तिथे बधिरपणा असतो. कोडात संवेदना शाबूत असते. कुष्ठरोग जंतूंमुळे होतो आणि औषधांनी पूर्ण बरा होतो. त्याचा आणि कोडाचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण या दोहोंच्या गोंधळाने किती घरांत किती रडारड झाली असेल याची मोजदाद नाही. शंका असेल तर डॉक्टर अंधाऱ्या खोलीत वुड्स लॅम्प धरतात. या दिव्याच्या अतिनील प्रकाशात कोडाचा डाग निळसर पांढरा झळकतो, नुसता फिकट डाग तसा झळकत नाही. उजेडात न दिसलेले डागही यात उठून दिसतात, म्हणून पहिल्याच भेटीत पूर्ण अंगाची तपासणी करून घ्यावी.

कोडाचे मुख्य प्रकार दोन. एकात डाग दोन्ही बाजूंना, साधारण सारखे येतात आणि आजार कमी-जास्त होत वर्षानुवर्षं चालतो. दुसऱ्यात डाग शरीराच्या एकाच बाजूला एका पट्ट्यात येतात, बहुधा लहानपणी. ते वर्ष-दोन वर्षं झपाट्याने वाढतात आणि मग थांबतात. या दुसऱ्या प्रकारात केस लवकर पांढरे होतात, त्यामुळे मलमांचा उपयोग कमी होतो. पण आजार थांबलेला असल्याने शस्त्रक्रिया मात्र चांगली साधते.

आता उपचार. इथे दोन वेगवेगळी कामं आहेत आणि ती एकच समजल्यामुळे पुष्कळ पेशंट निराश होतात. पहिलं काम हल्ला थांबवण्याचं. दुसरं, गेलेला रंग परत आणण्याचं. पहिलं यशस्वी झालं तरी आरशात काहीच दिसत नाही, कारण डाग आहे तेवढाच राहतो. ‘तीन महिने औषध घेतलं, काही फरक नाही’ असं म्हणणाऱ्याच्या अंगावर त्या तीन महिन्यांत एकही नवा डाग आलेला नसतो. तो फरकच असतो.

हल्ला रोखायला स्टिरॉइड वापरतात. डाग झपाट्याने वाढत असतील तर आठवड्यातून सलग फक्त दोन दिवस गोळ्या द्यायच्या आणि पाच दिवस विश्रांती, अशी पद्धत दिल्लीच्या एम्समधले डॉ. जे. एस. पसरिचा आणि डॉ. बी. के. खेतान यांनी १९९३मध्ये मांडली. रोज गोळ्या घेतल्याने होणारे दुष्परिणाम यात कमी होतात, आणि आज देशभर ती वापरली जाते. छोट्या डागांवर स्टिरॉइडचं मलम चालतं, पण मर्यादित काळ. चेहरा, पापण्या, काखा, जांघा इथे ते फार दिवस लावलं तर कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात. अशा जागी टॅक्रोलिमसचं मलम बरं, कारण त्याने कातडी पातळ होत नाही. मेडिकलवाल्याकडून ‘डागाची ट्यूब द्या’ म्हणून आणलेल्या मलमात काय आहे, हे लावणाऱ्याला माहीत नसतं. हा आपल्याकडचा जुना रोग आहे आणि त्याला औषध नाही.

दुसरं काम, रंग भरण्याचं, प्रकाशाने होतं. इथे पुन्हा केसाकडे यायला हवं. त्वचेच्या वरच्या थरातल्या रंगपेशी मेल्या तरी केसाच्या मुळाशी, खोल, त्यांच्या मूळपेशी बहुतेक वेळा वाचलेल्या असतात. शेतकरी पुढच्या पेरणीसाठी बियाणं बाजूला राखून ठेवतो, तसा हा साठा असतो. अतिनील प्रकाश त्या मूळपेशींना जागं करतो. त्या वाढतात, केसाच्या नळीतून वर सरकतात आणि केसाच्या तोंडाभोवती पसरतात. म्हणून रंग परत येताना डागात आधी बारीक तपकिरी ठिपके उठतात, एकेका केसाभोवती एकेक. ठिपके मोठे होत एकमेकांना भिडले की डाग भरतो. ज्यांना हे माहीत नसतं ते ठिपके पाहून घाबरतात आणि नवीन रोग झाला म्हणून उपचार बंद करतात.

तळहात, तळपाय, बोटांची टोकं आणि ओठ यांवर केस उगवत नाहीत, मग साठा कुठला? २०१७मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्रकाशोपचाराच्या अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र करून पाहिले होते. चेहरा आणि मानेवरच्या डागांपैकी सुमारे ४४ टक्क्यांत चांगला म्हणजे तीन चतुर्थांशाहून जास्त रंग भरला होता. हात-पायांच्या पंजांवर हे प्रमाण शून्य होतं. ‘बोटांचं जमेल का डॉक्टर?’ याचं प्रामाणिक उत्तर या आकड्यात आहे, आणि ज्यांना ते सुरुवातीलाच सांगितलं जातं ते पेशंट पुढे टिकतात.

प्रकाशाची ही युक्ती फार जुनी. अथर्ववेदात पांढऱ्या डागांवरच्या वनस्पतींचा उल्लेख आहे, आणि बावचीचं बी लावून उन्हात बसण्याचा उपाय आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. इजिप्तमध्ये नाईलच्या काठी उगवणारी आमी मेजस ही वनस्पती याच कामाला वापरत. १९४०च्या दशकात कैरोमध्ये तिच्यातलं सोरालेन वेगळं काढलं गेलं आणि डॉ. अब्देल मोनेम एल मोफ्ती यांनी ते कोडाच्या पेशंटना देऊन पाहिलं. बावचीतही सोरालेनच असतं. ते त्वचेत शिरलं की अतिनील-ए किरणांनी जागं होतं. पण मात्रा मोजता येत नाही ही घरगुती उपायाची गोची. बावचीचं तेल लावून दुपारी उन्हात बसलेल्यांच्या डागांवर टरारून फोड आलेले प्रत्येक त्वचारोगतज्ज्ञाने पाहिलेले असतात. पुढे सोरालेनच्या गोळ्या घेऊन यंत्रासमोर उभं राहण्याची पद्धत रूढ झाली. त्यात मळमळ होते, आणि गोळी घेतल्यावर दिवसभर काळा चष्मा लावावा लागतो, कारण औषध डोळ्यांतही पोचलेलं असतं.

आता बहुतेक ठिकाणी नॅरोबँड यूव्हीबी वापरतात. ३११ नॅनोमीटरच्या आसपासचा हा प्रकाश सोरालेनशिवायच काम करतो. नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी १९९७मध्ये कोडावर त्याचा उपयोग दाखवून दिला. गरोदर बायकांना आणि लहान मुलांनाही तो देता येतो. प्रत्यक्षात होतं असं: ट्यूबलाइट लावलेल्या उभ्या कपाटात पेशंट उभा राहतो, डोळ्यांवर गॉगल, पुरुषांनी गुप्तांग झाकलेलं. सुरुवातीला काही सेकंद किंवा एखादं मिनिटच. आठवड्यातून दोन-तीनदा, लागोपाठच्या दिवशी नाही. दरवेळी मात्रा थोडी वाढवतात, डागावर फिकी गुलाबी झाक येईपर्यंत. ती झाक चोवीस तासांत गेली पाहिजे. दुसऱ्या दिवशीही राहिली तर पुढच्या वेळी मात्रा वाढवायची नाही, दुखलं किंवा फोड आला तर चुकवायची. पहिले ठिपके दिसायला दोन-तीन महिने लागतात. उपयोग होत नाही असं ठरवण्याआधी निदान ७२ वेळा प्रकाश घेतलेला असावा, असं तज्ज्ञ सांगतात. म्हणजे सहा महिने तरी. तालुक्याच्या गावाहून एसटीने येऊन आठवड्यातून दोनदा दोन मिनिटं उभं राहायचं, ही गोष्ट लिहिण्याइतकी सोपी नाही. उपचार अर्धवट सोडणाऱ्यांना दवाखान्यात नावं ठेवली जातात, तेव्हा हा प्रवास हिशेबात धरला जात नाही. डाग थोडे असतील तर हातात धरायचं छोटं यंत्र घरी वापरता येतं, पण मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घेऊनच.

इंटरफेरॉनची साखळी वर सांगितली, ती पेशीच्या आत जॅक नावाच्या प्रथिनांमार्फत चालते. ती प्रथिनं अडवणारं रक्सोलिटिनिबचं मलम अमेरिकेत जुलै २०२२मध्ये मंजूर झालं. कोडात रंग परत आणण्यासाठी तिथे अधिकृत मान्यता मिळालेलं हे पहिलं औषध. चाचण्यांत सहा महिन्यांनी सुमारे ३० टक्के लोकांच्या चेहऱ्यावरचे डाग तीन चतुर्थांश भरले, वर्षभराने जवळपास निम्म्यांचे. एकूण अंगाच्या दहा टक्क्यांहून जास्त भागावर ते लावायचं नसतं. याच गटातलं टोफासिटिनिब संधिवातासाठी आपल्याकडे मिळतं आणि काही डॉक्टर कोडासाठीही ते देतात. रक्सोलिटिनिबचं हे निम्मं यशही पूर्वीच्या मानाने मोठं आहे. पण ‘नवीन क्रीम आलं, आता कोड संपलं’ अशा बातम्यांवर जाऊ नये.

केस पांढरे झालेल्या जागी बियाणं बाहेरून आणावं लागतं. शस्त्रक्रिया म्हणजे तेच. अट एकच आणि ती कडक: किमान वर्षभर एकही नवा डाग नको, जुना वाढायला नको. नाहीतर लावलेल्या पेशीही मारल्या जातात, आणि जिथून कातडी काढली तिथेही डाग उठतो. पद्धती तीन-चार आहेत. बारीक पंचने कातडीचे ठिपके काढून रोवतात. किंवा मांडीवर निर्वात दाबाने फोड उठवून त्याचं पातळ छत डागावर बसवतात. मोठ्या डागासाठी मांडीची पातळ कातडी काढून ट्रिप्सिन या विकराने तिच्या पेशी सुट्या करतात आणि तो द्राव तासलेल्या डागावर पसरतात. काढलेल्या कातडीच्या दहापट जागा अशी झाकता येते. डोक्याचे केस मुळासकट काढून त्यांच्याच पेशी वापरण्याची पद्धतही आपल्याकडे केली जाते. शस्त्रक्रियेनंतर आठवडाभर ती जागा हलू द्यायची नाही. रंग पूर्ण भरायला कित्येक महिने जातात.

खाण्यापिण्याचं थोडक्यात. दूध आणि मासे एकत्र खाल्ल्याने कोड होतं याला पुरावा नाही. आंबट, पांढरं, लिंबू, दही बंद केल्याने डाग भरत नाहीत. पथ्याच्या नावाखाली वाढत्या वयाच्या मुलीचं दूध तोडणाऱ्या आया पाहिल्या की राग येतो, पण बिचाऱ्यांना कुणीतरी तसंच सांगितलेलं असतं. लोकलच्या डब्यात आणि रस्त्याकडेच्या भिंतींवर ‘सफेद दाग’ हमखास घालवण्याच्या जाहिराती असतात. जादुई उपायांच्या जाहिरातींना आळा घालणाऱ्या १९५४च्या कायद्यातल्या आजारांच्या यादीत कोडाचं नाव आहे, म्हणजे अशी जाहिरात करणं मुळातच बेकायदा आहे. भिंती रंगायच्या काही थांबल्या नाहीत.

लग्नाच्या बाजारात काय होतं ते मराठी वाचकाला सांगायची गरज नाही. पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांनी श्वेता असोसिएशन उभी केली. त्यांना स्वतःला कोड आहे. कोड असलेली माणसं तिथे एकत्र भेटतात, बोलतात. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘नितळ’ हा २००६चा चित्रपट याच विषयावरचा. त्यात देविका दफ्तरदार यांनी कोड असलेल्या डॉक्टर तरुणीची भूमिका केली आहे. उपचार करायचाच नाही असं शांतपणे ठरवलेली माणसं अशा ठिकाणी भेटतात, आणि तोही निर्णय वैद्यकीयदृष्ट्या अगदी योग्य आहे. अंगाशी रंग जुळवणारं मेकअपचं क्रीम हवं तेव्हा लावावं. डागांना सनस्क्रीन मात्र लावायला हवं. अंग जवळपास सगळंच पांढरं झालं असेल तर उरलेला रंग मोनोबेंझोनच्या मलमाने घालवणं हाही एक मार्ग आहे. तो कायमचा असतो, तेव्हा घाईने घ्यायचा नाही.

डाग भरल्यावर काय? मुक्काम ठोकलेल्या टी पेशी जागच्या जागी असतात. उपचार थांबवल्यावर पहिल्याच वर्षात सुमारे चाळीस टक्के लोकांत रंग पुन्हा जाऊ लागतो. भरलेल्या जागेवर आठवड्यातून दोनदा टॅक्रोलिमस लावत राहिलं तर हे प्रमाण बरंच खाली येतं, असं फ्रान्समधल्या एका चाचणीत दिसलं. म्हणून शेवटच्या भेटीत ‘झालं ना आता?’ असं न विचारता ‘आता आठवड्यातून दोनदा काय लावू, आणि किती महिने?’ असं विचारावं, आणि उत्तर कागदावर लिहून घ्यावं.